गेल्या वेळचे आभार

हिलेवीने ग्लॉगला, म्हणजे मसाल्याच्या गरम वाइनला, उकळी फुटू दिली नाही, हेच मोठं. वाइन उकळली की तिच्यातला दम जातो आणि उरतो नुसता काढा, असं तिचा नवरा आल्वार दर वर्षी बजावायचा. दर वर्षी ती म्हणायची, "मग तूच ढवळ." आणि तो ढवळायचा. यंदा ढवळायला तो नव्हता. दालचिनी, वेलदोडे, लवंगा, सुंठ आणि कडू संत्र्याची साल आठवडाभर व्होडकात मुरत होती. तिने ते गाळून वाइनमध्ये ओतलं आणि वाफ धरू लागताच आच मंद केली.

दुपारचे साडेतीन वाजले होते, म्हणजे उत्तरेकडच्या त्या हिवाळ्यात बाहेर मिट्ट काळोख. खिडकीत कागदी चांदणी उजळली होती आणि तिच्यापलीकडे गोठलेलं तळं असेल तिथे काहीच दिसत नव्हतं.

"यंदा नसतं केलं तरी चाललं असतं, आई," वाटीत बदाम-मनुका काढताना एस्किल म्हणाला. पोरगा बापासारखाच उंच, आणि बापासारखाच भिडस्त. "लोकांनी काही नावं ठेवली नसती."

"लोकांसाठी नाही करत मी. आणि ऐक, आज कुणालाही पोचवायला तळ्यावर जायचं नाही."

"झालं सुरू! पलीकडच्या काठाचा कुणी आला, तर त्याला अंधारात एकटा सोडू? आपल्या घरातून?"

"मी जाईन."

"तू? गुडघे दुखतात म्हणून पोस्टापर्यंत जात नाहीस तू."

हिलेवी भांड्याकडे वळली. खरं सांगायची सोय नव्हती.

त्या तळ्याकाठची रीत अशी, की ग्लॉग पिऊन पाहुणा बर्फावरून निघाला की यजमानाने हातात टोकदार काठी घेऊन, बर्फ ठोकत, त्याला निम्म्यापर्यंत सोबत करायची. गेल्या वर्षी एक राखाडी कोटातला माणूस आला होता. दारात बूट काढून, मोज्यांवर आत येऊन सगळ्यांत बसला. शेजारच्या गुनवोरला वाटलं, तो निवृत्त मास्तर फोल्केबरोबर आलाय. फोल्केला वाटलं, गुनवोरचा कुणी भाचा असेल. हिलेवीला वाटलं, आल्वारच्या लाकूडगिरणीतला असेल. बूट काढून आत आलेल्या माणसाला 'तू कोण' असं विचारण्यापेक्षा ही माणसं जीव देतील. तो माणूस आल्वारला म्हणाला, "गेल्या वेळचे आभार." पुन्हा भेटल्यावर इथे सगळेच तसं म्हणतात. आल्वारने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं, तरी जिभेला वळण पडलेलं, तो म्हणाला, "आभार तुझेच." मग त्याला ग्लॉग पाजला आणि पोचवायला गेला. सकाळी बर्फाला पडलेल्या भोकाशेजारी त्याची काठी सापडली. पाणबुड्यांना काहीच सापडलं नाही.

पुढे गुनवोरला आठवलं, तसं तिने हिलेवीला एकटीला गाठून सांगितलं होतं. तो माणूस थेट पलीकडच्या काठाच्या मानफ्रेडसारखा दिसत होता, आणि मानफ्रेड आदल्या हिवाळ्यातच तळ्यात बुडाला होता. "तळं ज्याला ठेवून घेतं, त्याला एकदा पाहुणा म्हणून सोडतं. तो ज्याचे आभार मानतो आणि ज्याच्या घरचं पितो, त्याला घेऊनच परततो. माझी आजी सांगायची."

"तुझी आजी आणि तू, दोघींनाही म्हातारचळ लागलाय," असं हिलेवी तेव्हा तिच्या तोंडावर म्हणाली होती. पण वर्षभर तिला दुसरं काही सुचलं नाही. यंदा पाहुणा म्हणून कोण येणार, हे तिला ठाऊक होतं. तिला तो यायलाच हवा होता. आपण त्याला कढत ग्लॉग पाजू, तो आपले आभार मानेल, आणि आपण त्याच्याबरोबर निघून जाऊ. एवढ्यासाठीच तिने भांडं चढवलं होतं. शहाण्या बाईने असं करू नये, पण दुःखात शहाणपण कुणाला सुचतं?

पाहुणे आले. गुनवोरने केशरी पाव आणले. फोल्केने नेहमीप्रमाणे फक्त भूक आणली.

"मास्तर, मिठाईचा डबा खाली ठेव, तो सगळ्यांचा आहे," गुनवोर म्हणाली.

"चव बघतोय गं. मुलांची वही तपासल्याशिवाय मार्क देतो का मी?"

"तपासताना वही खाऊन टाकत नव्हतास ना?"

एस्किल हसला. हिलेवीलाही हसू आलं, आणि घटकाभर घर पूर्वीसारखं वाटलं. तिने भांड्यावर जाळी ठेवली, जाळीवर साखरेचे खडे रचले आणि त्यांवर ब्रँडी ओतली. "दिवे घालवा," ती म्हणाली.

साखर पेटते तेव्हा दिवे घालवायचे, आणि ज्योत आपसूक विझत येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हीही रीतच. फोल्केने मेणबत्त्यासुद्धा फुंकल्या. निळी ज्योत साखरेवरून सरपटू लागली. वितळलेली साखर खाली वाइनमध्ये टपटपत होती, चुरचुरत होती. माणसांचे चेहरे निळे पडले होते आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी दिसत होत्या.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बूट काढल्याचा, एक आणि मग दुसरा. गारठ्याची एक झुळूक जमिनीलगत आत आली आणि हिलेवीच्या घोट्यांना लागली. ओल्या मोज्यांची पावलं टेबलाशी येऊन थांबली. कुणी मान वळवली नाही. जो तो समजला, दुसऱ्या कुणाचा तरी माणूस उशिरा आलाय.

ज्योत विझत आली होती. त्या उरल्यासुरल्या उजेडात एक हात पुढे आला; चेहरा अंधारातच राहिला. समोर चांगले पेले मांडलेले होते, ते सोडून त्याने मागचा, कान तुटलेला पेला उचलला. पाहुण्यांना चांगले पेले मिळावेत म्हणून या घरात एकच माणूस तो तुटका पेला घ्यायचा. हिलेवीच्या मनात असा आनंद उसळला, की हातातला डाव भांड्यावर वाजला. आला! माझा माणूस आला!

पण तो तिच्याकडे वळलाच नाही. तो एस्किलकडे वळला.

"गेल्या वेळचे आभार," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पाण्याखालून यावा तसा.

"आभार तुझेच," एस्किल पटकन म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आईने तेच शिकवलं होतं, बोलायला लागल्यापासून. "कुठून आलास? पलीकडून? मग जाताना मी सोडतो तुला. माझी काठी आहेच."

हिलेवीला गुनवोरचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. म्हणजे तिनेही ओळखलं होतं.

पेला आता हिलेवीच्या समोर आला होता. तो धरणारी बोटं काळीनिळी होती आणि थरथरत होती. आल्वारला थंडी कधी सोसायची नाही. मेमध्येसुद्धा लोकरीचे मोजे घालायचा म्हणून ती चिडवायची. वर्षभर तो त्या बर्फाखाली होता, आणि आता एक पेला कढत ग्लॉग मागत होता. आपल्याच घरात, आपल्याच बायकोकडे. तिने डाव भरून उचलला. वाफ त्याच्या बोटांवर गेली, तशी ती बोटं थोडी स्थिरावली.

ज्याच्या घरचं पितो, त्याला घेऊनच परततो.

आणि आभार त्याने एस्किलचे मानले होते. तिने भरलेला डाव परत भांड्यात रिकामा केला.

"हे आमच्या पाहुण्यांसाठी आहे," ती म्हणाली. आवाज आपला आहे यावर तिचाच विश्वास बसेना. "तुम्ही कोण?"

"आई!" एस्किल ओरडला. फोल्के खाकरला. असा उद्धटपणा त्या खोलीत कुणी आजवर ऐकला नव्हता.

"मी तुम्हाला ओळखत नाही. आमची कधी भेट झालेली नाही. माझ्या मुलाची तर नाहीच. त्याने कसले आभार घेतले नाहीत की दिले नाहीत. तुम्ही चुकून आलात. निघा."

पेला तसाच धरून तो क्षणभर उभा राहिला. तिला वाटलं, आता तो नाव घेईल, 'हिले' म्हणेल, आणि मग आपल्याला पुन्हा नाही म्हणता येणार नाही. त्याने नाव घेतलं नाही. पेला हळूच टेबलावर ठेवला, आवाज होणार नाही असा. ज्योत विझली. अंधारात बूट चढवल्याचा आवाज आला, एक आणि मग दुसरा, आणि दार लागलं.

गुनवोरने दिवा लावला. जमिनीवर दारापर्यंत ओले ठसे होते. फोल्के एकदा त्या ठशांकडे, एकदा गुनवोरकडे बघत राहिला. एस्किल कोट घ्यायला निघाला होता. गुनवोरने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला खाली बसवलं.

"काय गं हे, आई," तो म्हणाला. शरमेने त्याचे कान लाल झाले होते. "कोणी का असेना. एक पेला तरी द्यायचास. केवढा गारठला होता बिचारा."

"हो रे," हिलेवी म्हणाली. तिने एक चांगला पेला घेतला, तळाशी बदाम-मनुका घातल्या, वरून ग्लॉग ओतला आणि त्याच्या हातात दिला. "घे. गरम आहे तोवर पी."