वीतभर बाहेर

चेंडू जिथं पडला तिथं सोमलिंग वकील वाकले आणि सिमेंटवर बोट टेकवून तसेच बसून राहिले. चुन्याची रेघ त्या बोटापासून वीतभर आत होती.

"आतच हाय," खुर्चीवरून पेशकार नागप्पा म्हणाले.

"नागप्पा, माझं बोट कुठं आहे?"

"बोट बाहेर हाय, वकीलसाब. चेंडू आत व्हता."

क्लबातली मंडळी हसली. धाराशिवात टेनिस खेळणारे पुष्कळ, खरं खेळता येणारे दोघंच: सोमलिंग, आणि जाळीपलीकडं उभे असलेले, अदालतीत न्यायाला बसणारे मुन्सिफ हमीद अली. दरसाल कप मुन्सिफांकडं जाई, कारण पंचाच्या खुर्चीत त्यांच्याच अदालतीत कागद पुढं करणारा पेशकार बसे. निजामाच्या राज्यात हुद्देदाराचा चेंडू बाहेर पडत नसे. पडलाच, तर रेघ चुकलेली असे.

याही साली तेच झालं. सोमलिंगांनी रॅकेट बाकावर आदळली.

"अहो, हा खेळ आहे का दरबार? धडधडीत खोटं बोलता, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"वाटती की," नागप्पा हळूच म्हणाले. "पर रोज त्येंच्याच म्होरं बसायचंय मला."

"म्हणून इमान विकायचं?"

नागप्पांनी टोपी उचलली आणि चालू लागले.

मंडळी पांगल्यावर मुन्सिफ जवळ आले. त्यांचा चेहरा सोमलिंगांपेक्षा लाल होता.

"वकीलसाब, घरात इतके कप आहेत. त्यातला माझा कुठला, खुदा जाणे. उद्या पहाटे या. पंच नको, कुणीच नको. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल, त्यानंच सांगायचं."

पहाटे दोघं खेळले. सोमलिंग असं कधी खेळले नव्हते, मुन्सिफही नव्हते. अंगातले सदरे भिजले, बरोबरी सुटेना. शेवटी सोमलिंगांना एकच गुण हवा होता. मुन्सिफांनी जोरात मारलेला चेंडू सोमलिंगांच्या मागं, रेघेच्या चांगलाच पलीकडं आपटला.

मुन्सिफांनी तो पाहिला. ते हसले आणि हात पुढं करून जाळीकडं निघाले. हरलेला माणूस इतका खुश सोमलिंगांनी कधी पाहिला नव्हता.

सोमलिंगांनी मागं वळून पाहिलं. मग समोर पाहिलं.

"आत होता, हुजूर."

मुन्सिफ जागच्या जागी थांबले. हात खाली आला.

"माझ्यापुढं तारीख आहे का तुमची?"

"परवा," सोमलिंग म्हणाले. "दोन मुकदमे आहेत."