भंवरीचा मांजा

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकलात तर अर्धी कथा भिंतच ऐकेल. आज निरूपण नाही, सरळ आख्यानालाच हात घालायचा आहे. त्यात रक्त आहे, तेव्हा लहान मुलं असतील तर आत पाठवा. गोष्ट जयपूरची, जगतपुऱ्यातली, आणि ज्यांच्या अंगावरून गेली त्या शालनकाकूंची.

शालनकाकू मूळच्या वाईच्या. यजमान रंगनाथ विमा कंपनीत, बदल्या होत होत जयपूरला लागलेले. काकूंना कीर्तनाचं भारी वेड, आणि त्या परमुलखात कीर्तन मिळणार कुठलं? मग त्यांनी मोबाइलवरच फड मांडला. बापलेकांनी, सासूसुनांनी चालवलेली, मॉलपायी नि घरपोच ॲपपायी मरायला टेकलेली दुकानं शोधायची आणि त्यांचे व्हिडिओ करायचे. आधी नमन, मग त्या घराची कथा, मराठी हेलातल्या हिंदीत, शेवटी आभार.

"कचोरीवाल्याचंही आख्यान लावलंस," रंगनाथ चिडवायचे. "आता तो बुक्का लावून पार्सल देणार की काय?"

"द्या हवं तर नावं. त्याच्या दारात गिऱ्हाईक दिसतंय ना आता?"

आणि दिसायचं खरंच. काकूंचा व्हिडिओ पाहून लोक वाट वाकडी करून यायचे.

संक्रांतीच्या तोंडावर काकूंना देवराम सापडला. स्टेशनजवळच्या मोकळ्या प्लॉटवर तो आणि त्याची मुलगी भंवरी सुती मांजा करायची. दोन खांबांमध्ये दोरा ताणायचा, शेगडीवर खळ रटरटत ठेवायची, तीत रंग आणि काचेची पूड घालायची, आणि खळीचा गोळा मुठीत धरून दोऱ्यावरून या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत राहायचं. जयपूरची संक्रांत म्हणजे गच्चीगच्चीवरची लढाई. पण हल्ली गिऱ्हाइकाला हवा असायचा बंदी घातलेला नायलॉनचा मांजा. तो तुटत नाही. पाखरांचे पंख तुटतात, स्कूटरवरच्या माणसांचे गळे चिरतात. यंदा खांब उपटून गावी जायचं, असं देवरामने ठरवूनच टाकलं होतं.

व्हिडिओ फक्कड झाला. चूक झाली ती शेवटी, आणि ती कीर्तनात वाढलेल्या माणसाकडूनच व्हावी. कीर्तन आटोपताना बुवा सगळ्यांची नावं घेतात. पेटीवाला, तबलजी, सतरंजी अंथरणारा, पाणी देणारी बाई. एखादं राहिलं तर त्या माणसाला लागतं. काकूंनीही हात जोडून नावं घेतली. "और हमारी भंवरी बिटिया, जिसने बताया कि पास की पतंग की दुकान में, पीछे के शटर में, नायलॉन भरा पड़ा है. उसको बहुत बहुत धन्यवाद!" दुकानदाराचं नाव त्यांनी कटाक्षाने टाळलं. भंवरीचं घेतलं.

देवरामकडे रांग लागली. आणि कुणीतरी तो व्हिडिओ पोलिसांपर्यंत पोचवला. त्यांनी शटर उचकटून नायलॉनची पोतीच्या पोती नेली. दुकान संग्रामचं होतं.

दुसऱ्या सकाळी काकू तिळगुळाचा डबा घेऊन प्लॉटवर आल्या, तेव्हा संग्राम तिथे पोचलेलाच होता. मोटरसायकलवर तो, आणि पायी दोन जाडजूड गडी. रांगेतली माणसं पांगली. पलीकडच्या रिक्षावाल्यांनी मोबाइल वर धरले, पाय मात्र कुणी हलवला नाही.

गड्यांनी आधी मांजा कापला. मग एक खांब उपटला आणि त्याच खांबाने देवरामला हाणलं. गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज काकूंना रस्त्याच्या कडेला ऐकू आला. देवराम पडला, तरी त्याला मारतच राहिले. कमरेत, पाठीत, डोकं झाकलेल्या हातांवर.

"बापूला सोडा!" म्हणत भंवरी धावली. संग्रामने तिची वेणी धरून तिला उरलेल्या खांबावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. त्याने खिशातून नायलॉनची गुंडाळी काढली, तिच्या गळ्याभोवती फास टाकला आणि दुसरं टोक मोटरसायकलच्या मागच्या दांडीला बांधलं. गाडी नेमकी शेगडीला खेटून उभी होती. तो गाडीवर बसला.

"या माताजी, या," तो काकूंना म्हणाला. "तुमची वाट बघत होतो. काढा मोबाइल. लाइव्ह जा. म्हणा, ही पोरगी खोटारडी आहे, नायलॉन हेच बापलेक विकतात. तुमचं लोक ऐकतात ना?"

"अरे, लेकरू आहे रे ते! मुझे मारो, भैया—"

"भैया म्हणू नका. बोला."

त्याने गाडी चालू केली. दोरा ताणला. भंवरीच्या गळ्यावर बारीक लाल रेघ उमटली. काकूंच्या हातातला डबा कधीच पडला होता. त्यांनी लाइव्ह लावलं. पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा सरसर चढायला लागला. खोटं बोलावं तर सगळं गाव बापलेकीवर तुटून पडेल. न बोलावं तर हा गिअर टाकेल. काकू भंवरीजवळ गेल्या, फोन उजव्या हातात धरला, आणि बोलता बोलता डाव्या हाताची बोटं त्यांनी फासाच्या आत, तिच्या गळ्याला चिकटून खुपसली.

"इस बच्ची ने कुछ नहीं बताया," त्या म्हणाल्या. "सब मैंने किया. पुलिस को मैंने बुलाया. मेरा नाम शालन..."

संग्रामने गिअर टाकला आणि क्लच अर्धवट सोडून गाडी इंच इंच पुढे रेटली.

नायलॉन तुटत नाही. तो काकूंच्या बोटांत शिरला, मांसातून हाडापर्यंत गेला आणि करवतीसारखा फिरला. काकू गुरासारख्या ओरडल्या. फोन उडून जमिनीवर पडला. दोन बोटं लोंबायला लागली, उरलेला दोरा भंवरीच्या गळ्यात रुतला आणि तिच्या तोंडातून हाक नाही, नुसता फेस आला. काकूंनी हात काढला नाही. खांबाला पाय लावून, पाठ मागे टाकून त्या ओढत राहिल्या.

तेव्हा देवराम उठला. एका पायावर कसा उठला, त्याचं त्याला ठाऊक. शेगडीवरचं उकळत्या खळीचं पातेलं त्याने उघड्या हातांनी उचललं आणि संग्रामच्या तोंडावर रिकामं केलं.

खळ चिकटते हो. पाण्यासारखी ओघळून जात नाही. त्यात काचेची पूड होती. संग्रामने चेहरा पुसायला हात लावले आणि कातडी हाताबरोबर आली. गाडी आडवी झाली, दोरा सैल पडला, गडी पळाले. काकूंनी दातांनी फास सोडवला.

भंवरी वाचली. तिचा आवाज मात्र गेला, आता नुसती घरघर येते. काकूंची दोन बोटं गेली. संग्राम इस्पितळात तडफडून तडफडून मेला.

आणि जमिनीवर पडलेल्या फोनने काय टिपलं होतं? पातेलं उचललेला म्हातारा, आणि किंकाळी. कुणीतरी मागचंपुढचं कापून तेवढाच तुकडा फिरवला. बघणाऱ्यांनी देवरामला राक्षस ठरवलं. काकूंनी पूर्ण व्हिडिओ टाकला, पण इतकं लांबलचक बघायला कुणाला सवड होती? सी-स्कीमच्या श्रीमंत वस्तीतून गाड्या करून माणसं आली, रक्ताळलेल्या खांबाबरोबर फोटो काढून गेली. मांजाचं एक रीळ कुणी घेतलं नाही. देवराम खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे.

"आता पुरे झालं ते आख्यान," रंगनाथ काकूंच्या हातावरचं बँडेज बदलताना म्हणाले. चिडवायचा सूर नव्हता. डोळे भरले होते.

"खांब रोवायला माणूस बघा," काकू म्हणाल्या. "मुलगी एकटीने दोन टोकं कशी धरेल?"

त्या आता रोज जातात. भंवरी खळ लावते, काकू उरलेल्या बोटांनी दोरा धरतात. कोर्टातही त्यांनी हात वर करून दाखवला. निकाल लागायचा आहे.

तर मंडळी, आता आरतीला उभे राहाल. संग्रामच्या जिवालाही देव शांती देवो. पण निरांजन ओवाळताना एका माणसाला तेवढं आठवा. भाजलेल्या तळहातांनी गज धरून बसला आहे, मोडलेला गुडघा नीट जुळला नाही, आणि लेक भेटीला येते तेव्हा तिला बोलता येत नाही म्हणून दोघांचंही तोच बोलतो. देवराम त्याचं नाव. त्याची आठवण ठेवा.