गळती: आहे / नाही

योजनेच्या कारभाऱ्यांनो, साडेतीन वर्षांच्या एका पोरीचं नाव तुम्ही कापलंत, आणि तेही तिच्या घराचं छत ठिबकतं म्हणून. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. तुम्ही उंटावरसुद्धा बसला नाहीत, टॅबलेट पाठवलात. खोटं वाटत असेल तर इस्त्रीवालीच्या खोलीत काय झालं ते ऐका.

इस्त्रीवाली लाँड्रीत दिवसभर हॉटेलच्या चादरी दाबायची आणि उरलेले सदरे घरी आणायची. नवरा सोडून गेला तेव्हा तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. सासू बोलायची, पण भिंतीशी, पळालेल्या लेकाला शिव्या घालत. त्या घरात तिची लेक मुंगी दीड वर्षाची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मग मंगळवारची ताई येऊ लागली. ती लहान मुलांना बोलतं करायच्या योजनेची घरभेट कार्यकर्ती. पिशवीत चार लाकडी ठोकळे आणि पोरांनी कोपरे चावलेलं एक चित्रांचं पुस्तक. तिने मुंगीला काही शिकवलं नाही, आईला शिकवलं: हात जे करतात ते तोंडाने सांगत जा. इस्त्रीवालीला आधी लाज वाटली. पण सांगू लागली, ही कॉलर, ही बाही, आता दुसरी बाही. सासू म्हणाली, सून कपड्यांशी बोलायला लागली, आता कपड्यांनी उत्तर द्यायचं तेवढं राहिलंय.

उत्तर मुंगीने दिलं. "बाही," ती म्हणाली, आणि सासूने भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं.

दोन वर्षांत मुंगी वाक्यं बोलू लागली. पण अजून अडखळायची, अनोळखी माणूस दिसला की शब्द गिळून बसायची. शाळेत जायच्या आधी आणखी एक वर्ष द्या, पोर सुटं बोलेल, असं ताई सांगत होती. आईची सगळी भिस्त त्या एका वर्षावर.

अशात योजनेचा मूल्यमापक आला. बूट काढायचा कंटाळा, म्हणून दारातच उभा राहिला. त्याला संध्याकाळच्या आत चाळीस घरं उरकायची होती. योजना अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांना हे लोक 'गळती' म्हणतात. ते इस्त्रीवालीला कुणी सांगितलं नव्हतं.

"गळती आहे का?" टॅबलेटवरची नजर न काढता त्याने विचारलं.

तिने छताकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी चौकशी करत होतं. "आहे की."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"कारण?"

"वरचे लोक ढुंकून बघत नाहीत."

त्याचं बोट थबकलं. हे कारण यादीत नव्हतं. त्याने 'इतर' दाबलं. "मग उपाय काय केला?"

"खाली बादली ठेवलीय."

तेही 'इतर'मध्ये गेलं. मान वर केली असती तर त्याला ओला डाग दिसला असता, खाली केली असती तर बादली दिसली असती, बाजूला वळवली असती तर दाराआडची मुंगी दिसली असती. पण मान हलवायचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

महिन्याभराने पत्र आलं: मूल दोन वर्षांपासून गळतीत असल्याने नाव कमी करण्यात येत आहे. ताईला वेगळं पत्र गेलं: गळालेल्या मुलाच्या घरी दोन वर्षं भेटी कशा दाखवल्या? खुलासा करा, तोवर घरी बसा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पहिला मंगळवार रिकामा गेला. दुसऱ्या मंगळवारी मुंगी उंबऱ्यावर बसून राहिली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही.

इस्त्रीवालीने रजा टाकली, पोरीला कडेवर घेतलं आणि कार्यालय गाठलं. छताचा खुलासा ऐकून साहेब पोटभर हसले. चूक झालीय हे त्यांनी कबूलही केलं. पण अहवाल वर गेला होता, आणि गळतीचं चित्र इतकं स्पष्ट आल्याबद्दल वरून शाबासकीही आली होती. आता फेरमूल्यमापन तीन वर्षांनी. तेव्हा मुंगी साडेसहाची असेल आणि योजना पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची आहे, एवढंही त्यांनी समजावून सांगितलं.

मग माणुसकी म्हणून त्यांनी मुंगीला नाव विचारलं. तिने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"बोलत नाही की ही," साहेब म्हणाले. "म्हणजे दोन वर्षांच्या भेटींचा उपयोग शून्य. अशा भेटी चालू कशाला ठेवायच्या?"

तेवढ्यात मुंगीने हळूच डोकं बाहेर काढलं. "आई, ह्या का-काकांची खुर्ची फिरते."

साहेब मनापासून खूश झाले. "छान बोलते की. मग आता ताईची गरजच काय उरली?" आणि त्यांनी फाईल मिटली.

मागची रांग चुळबुळायला लागली. इस्त्रीवालीने समोरची खुर्ची ओढली, बसली, लेकीला मांडीवर घेतलं. दोन वर्षं कपड्यांशी बोलून बोलून तिचाही आवाज मोकळा झाला होता.

"गप्प राहिली तर भेटी वाया, बोलली तर भेटी नकोत. मग साहेब, माझ्या लेकीने नेमकं काय केलं म्हणजे मंगळवारी ताई येईल? रकाना नसेल तर कोऱ्या कागदावर लिहून द्या. मी बसलेय इथे. सांगा."