सकपाळ ४०२ दिसत नाही

खोटं बोलणाऱ्याच्या घरात कुठलीच गोष्ट सुरळीत चालत नाही, असं उत्तम सकपाळ दर पौर्णिमेला विहारात सांगतात. बँकेतून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे लोक ऐकूनही घेतात. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी दहा वाजता भाईंदरच्या जेसल पार्कातल्या त्यांच्या घरात वाय-फाय सुरळीत चालत नव्हतं.

म्हणजे चालत होतं. उत्तमरावांच्या, त्यांच्या बायकोच्या म्हणजे शैलाताईंच्या आणि मुलीच्या मोबाइलवर ते व्यवस्थित होतं. मुलीच्या नव्या लॅपटॉपला तेवढं ते दिसत नव्हतं.

मुलीची, म्हणजे पंचशीलाची, मीटिंग अकरा वाजता होती. नवी नोकरी, ऑफिस ऐरोलीला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करायची सवलत मिळणार होती, पण घरचं नेट चांगलं आहे हे अकराच्या मीटिंगमध्ये दाखवल्यावर. नाहीतर रोज घोडबंदर रोडने दोन तास जायचं. वरसाव्याचा पूल तुंबला तर तीन. मोबाइलच्या नेटवर भागवावं, तर त्या इमारतीत रेंज फक्त संडासाच्या खिडकीशी येते. तिथून मीटिंगला बसणं पहिल्याच आठवड्यात बरं दिसलं नसतं.

खालच्या मजल्यावरून यतीनभाईंना बोलावलं. ते दुकानांमध्ये कॅमेरे बसवून देतात, त्यामुळे वायर असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच गोष्टींत सोसायटी त्यांचा शब्द प्रमाण मानते. त्यांनी राउटर बंद करून चालू केला. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. मग राउटरजवळची स्टीलची पिंपं हलवायला लावली, ती शैलाताईंनी हलवली.

"बेटा, आता बघ."

पंचशीलाने पाहिलं. यादीत शेजारपाजारची चौदा नेटवर्कं होती. 'सकपाळ ४०२' नव्हतं. सगळ्यात खाली 'हिडन नेटवर्क' अशी एक ओळ होती.

"हे काय असतं यतीनकाका?"

"उसको हात मत लगाना. ते सरकारी असतं." यतीनभाईंनी चष्मा काढला. "लॅपटॉपमध्येच फॉल्ट आहे. कंपनीला परत दे."

ते सरकारी नव्हतं. ते सकपाळांचंच होतं, आणि हे त्या खोलीत फक्त उत्तमरावांना माहीत होतं.

त्याचं असं झालं. दर वर्षी सहा डिसेंबरला गावाकडची माणसं त्यांच्याकडे उतरतात. यंदा चौदा आली. चौदा जणांना आंघोळीचं गरम पाणी, जेवण, अंथरूण-पांघरूण सगळं मिळालं, त्यात सकपाळ कधी हात आखडता घेत नाहीत. पण एवढे मोबाइल एकाच राउटरला लागल्यावर उत्तमरावांच्या बातम्या थांबत, निवेदिका तोंड उघडं ठेवून बघत राही. हे आदल्या वर्षी झालं होतं. म्हणून यंदा पाच तारखेलाच त्यांनी नेटवाल्या माणसाला बोलावून नेटवर्कचं नाव यादीत दिसणार नाही असं करून घेतलं, जुना पासवर्ड बदलला आणि घरच्या तिन्ही मोबाइलमध्ये नाव हाताने भरून घेतलं. पाहुण्यांना सांगितलं, नेट बंद आहे, रस्ता खणलाय. भाईंदरमध्ये असल्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

हे मुलीला सांगायला अडचण एकच होती. त्या चौदांपैकी चंपाबाई, उत्तमरावांची मोठी बहीण, समोरच्या सोफ्यावर बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवसांपूर्वी आली होती, आणि आल्या आल्या उत्तमरावांनी तिला न विचारताच सांगून टाकलं होतं की रस्ता अजून खणलेलाच आहे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यासमोर मोबाइल. चंपाबाईला कळलं की चिपळूणपर्यंत भावकीला कळलं.

"अक्का, जरा गॅलरीत बसतेस का? ऊन चांगलंय."

"डागतरान ऊन नको सांगितलान."

"पंचे, जरा आत ये."

"बाबा, आत्ता नको हां!"

त्यांनी मुलीला मेसेज पाठवला. तिचा मोबाइल आतल्या खोलीत उशीखाली होता. दहा पन्नास झाले. पंचशीलाने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "मी कळवते त्यांना, नेट नाही म्हणून. ऐरोली तर ऐरोली."

शैलाताई रोजच्या डब्याची पिशवी शोधायला लागल्या. ते उत्तमरावांना बघवलं नाही. त्यांनी लाइटबिलाच्या मागे चार ओळी लिहिल्या आणि चहा ठेवतोय असं दाखवून कागद मुलीच्या हाताशी सरकवला.

पंचशीलाने तो मोठ्याने वाचला. तिची लहानपणापासूनची सवय.

"'नेटवर्क लपवलेले आहे. शेवटच्या ओळीवर दाबून नाव आणि खालचा पासवर्ड टाक. अक्कासमोर बोलू नकोस.' बाबा?"

यतीनभाई राउटरकडे बघत राहिले. शैलाताई पिशवी हातात घेऊन बाहेर आल्या.

"म्हंजे रस्ता खणला नव्हता?" चंपाबाईने विचारलं.

"खणला होता," उत्तमराव म्हणाले. "पण दुसऱ्या कामासाठी."

पंचशीलाने तोवर शेवटच्या ओळीवर दाबलं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. दहा सत्तावन्नला लॅपटॉप लागला. अकराला मीटिंग सुरू झाली, आणि तिकडच्या बाईंनी तिचा आवाज, चेहरा आणि मागची स्टीलची पिंपं स्पष्ट दिसतायत असं सांगितलं. सवलत मिळाली.

उत्तमराव सोफ्यावर बहिणीशेजारी बसले. "अक्का, राग नको धरूस. चौदा माणसं होती..."

"राग कसला रं, उत्तम्या? माजा तर आठ दिस चालूच हाय."

"काय चालू आहे?"

"नेट. शिरेल कशावर बघतंय मी? तू बोललास बंद हाय, म्हटलं कुणा शेजाऱ्याचा येत असंल. कशाला बोला, उगाच बंद करायचा. म्हणून गप ऱ्हायले."

उत्तमरावांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला. वर वाय-फायच्या खुणेच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. नाव होतं सकपाळ ४०२. मोबाइलच्या काचेला डाव्या कोपऱ्यात एक चीर होती, आणि ती त्यांच्या ओळखीची होती. जानेवारीत नवा मोबाइल घेतल्यावर जुना त्यांनी अक्काला पाठवून दिला होता.