चौथा उमेदवार

"खुर्चीत बसल्यावर पाय हलवायचे नाहीत. टेबलावर कोपर टेकवायचे नाहीत. आणि 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की पणजोबापासून सुरुवात करायची नाही," सुग्रीव सर सांगत होते.

मागच्या बाकावरून संस्कृतीने हात वर केला. "सर, एक इचारू का? राग येनार न्हाई ना?"

"विचार."

"तुमाला एवढं सगळं येतंय, मंग तुमाला कावून लागली न्हाई नोकरी?"

वर्ग हसला. सरही हसले. चेहरा प्रसन्न ठेवणे हे अभ्यासक्रमातले तिसरे कौशल्य होते.

सुग्रीव सर मांजरसुंब्याच्या अलीकडच्या या कॉलेजात चौदा वर्षे भूगोल शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास सुरू झाला की प्राध्यापक, तास संपला की वाटसरू. प्राध्यापकीची सेट परीक्षा झालेली, पीएचडी झालेली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला 'रोजगार कौशल्ये' हा विषय आला, तेव्हा कायम प्राध्यापकांपैकी कुणी तो घेईना. मुलाखतीला बसून त्यांना जमाना झाला होता. सरांचा अनुभव मात्र ताजा होता. बावीस मुलाखती.

त्यांतल्या निम्म्या सावडीच्या. आज तू माझ्या रानात खुरपायला ये, उद्या मी तुझ्या रानात येतो, अशी ही सावड. घ्यायचा माणूस आधीच ठरलेला असतो. पण हजेरीपटावर चार उमेदवार दिसले नाहीत तर मुलाखत रद्द. मग आसपासच्या कॉलेजांतले तासिकावाले उरलेल्या खुर्च्या भरायला जातात. या कामात सरांचं नाव होतं. हरायचं, पण ठरवून हरलो असं वाटू द्यायचं नाही, याला अभ्यास लागतो.

तास संपला तर दारात शिपाई हनुमान उभा. "सर, दादांनी बोलावलंय."

दादा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी सरांना बसवलं, चहा सांगितला. तिथेच सरांना शंका यायला हवी होती.

"सर, भूगोलाची जागा निघाली. कायमची."

हे वाक्य सर चौदा वर्षे रोज स्वतःच्या मनाशी म्हणत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांनी कप बशीत ठेवला.

"आमचा अंगद हाय ना, भाचा. औंदाच एमए झाला, सेटबी झाली. त्याला घेतोय. आष्टीचे दोघं येतेत. तुमी चौथे."

"दादा, पण ती जागा... मी चौदा वर्षं..."

"म्हनून तर! तुमाला यष्टीचीबी दगदग न्हाई. घरची मुलाखत हाय," दादा अगदी मायेने म्हणाले. "अन् पोराची जरा तयारी करून घ्या. लई बुजरं हाय. तुमचे दोन-चार तास ठेवतो की मी, काय काळजी करता?"

घरी बायकोने, सत्यशीलाने, भाकरी थापता थापता सगळं ऐकलं.

"न्हाई म्हना की एकदा. जीभ झडंल का?"

"तास जातील."

"कायमचा मानूस आल्यावर तुमाला कोन तास देनार हाय?" तिने भाकर उलटली. "तुमी तरी दिले असते का?"

तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तयारी घेतली.

अंगद स्वभावाने गोड पोरगा. आठ दिवस न चुकता आला, खुर्चीत पाय न हलवता बसायला शिकला. फक्त स्वतःबद्दल त्याला काही सांगता येईना. सांगण्यासारखं अजून घडलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "सर, तुमी कसं सांगता ते एकदा सांगा ना. मी मोबाईलात भरून घेतो." नमुना म्हणून सरांनी आपलं सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरगावचे तज्ज्ञ आले. सर शेवटचे, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार पातळ होतं.

"स्वतःबद्दल सांगा," आतून तज्ज्ञांचा आवाज आला.

"मी चौदा वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतोय," अंगद घडाघडा म्हणाला. "पोरांना घेऊन बालाघाटाचे डोंगर पायी फिरलो. दर उन्हाळ्यात एकशे बारा विहिरींची पाणीपातळी दोरीनं मोजली..."

अंगद चोवीस वर्षांचा होता. म्हणजे पाचवीत असल्यापासून कॉलेजात शिकवत असणार. तज्ज्ञ म्हणाले, "वा!"

सर आत गेले. प्राचार्य कागद चाळत होते. दादा पंख्याकडे बघत होते.

"बसा. स्वतःबद्दल सांगा."

दुसरं काय सांगणार? "मी चौदा वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतोय. दर उन्हाळ्यात एकशे बारा विहिरींची..."

तज्ज्ञांनी हात वर केला. "अहो, दाराला कान लावून बसला होतात काय? निदान विहिरींचा आकडा तरी बदलायचा! स्वतःचं काही असेल तर बोला."

हरायचं तर ठरलेलंच होतं. पण बावीस वेळा हरले, ते स्वतः हरले होते. आज हरायलासुद्धा त्यांचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

प्राचार्य घाईने म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. सर, तेवढी सही करा."

हजेरीपट समोर सरकला. तीन सह्या झालेल्या. सरांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि चौथ्या ओळीत, आपल्या नावासमोर, एकेक अक्षर नीट काढत लिहिलं : गैरहजर.

वर्गाची हजेरी मांडून मांडून हात बसलेला. खाडाखोड झाली नाही.

तज्ज्ञांनी वाकून वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. "म्हणजे तीनच?" त्यांनी आपल्या पेनाला टोपण लावलं. "मग मला यावर सही करता येणार नाही. पुन्हा जाहिरात काढा."

दादा खुर्चीवरून उठले. माया संपली होती. "काय केलं बे तू हे? गेले तुझे तास! उद्यापासून गेटाच्या आत दिसायचं न्हाई!" आणि त्यांनी कागदाला हात घातला.

सरांनी तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला धरला.

"थांबा दादा," ते म्हणाले, "शाई ओली हाय."