पाळण्यातली पिशवी

मित्रांनो, मी जाड खाकी कापडाची एक जुनी पिशवी आहे. माझ्यावरचा लाल क्रॉस आता विटला आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे, तरी सांगते.

धनज गावचा उदयसिंग फौजेत जखमींवर औषधोपचार करायचा. मी त्याच्या खांद्यावर असे. मानेवर बोटं ठेवून पाहिल्याशिवाय तो कोणालाही मेला म्हणत नसे.

एकाहत्तरच्या लढाईत आमची तुकडी मागे हटत होती. खंदकात एक जवान निपचित पडला होता. "तो गेला, चल!" कोणीतरी ओरडलं. उदयसिंगने बोटं ठेवली. नाडी चालू होती. तो पट्टी बांधत असतानाच शत्रूच्या बंदुकीची नळी माझ्या बंदाला टेकली. आम्ही तिघंही कैदी झालो.

छावणीत माझ्यातली औषधं काढून घेतली गेली. उदयसिंग चादरी फाडून, उकळून पट्ट्या करी आणि माझ्यात ठेवी. पहारेकऱ्याचा हात भाजला, तेव्हा त्यालाही त्याने त्यातलीच पट्टी बांधली.

पुढच्या वर्षी सुटका झाली. आम्हाला दारात पाहून त्याची आई चतुराबाई किंचाळली. काका उकंडराव दोन पावलं मागे सरले.

"काहून आला रे बाप्पा? आमी तं तुले जाळलं!"

"मले? मी तं जित्ता हाय, काका!"

तो बेपत्ता असल्याची तार आली होती. काही महिने वाट पाहून घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला उदयसिंगचा सदरा घातला आणि जाळला. तेराव्या दिवसाची तेरवीही उरकली. त्याची बायको नानीबाई दाराआड कुंकवाविना उभी होती. तो पुढे सरकताच काका आडवे आले.

"थांब. तेरवी झालेल्याले घर नाई, बायको नाई. आता नवा जलम. आंधी बारसं, मंग पुन्हा लगन."

उदयसिंग मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसला.

पाळणा आला. एवढा बाप्या त्यात मावणार कसा? दाराआडून नानीबाई बोलली, "त्यायची पिशवी ठेवा ना! तेच तं होती त्यायच्यासंग."

मला पाळण्यात ठेवलं. त्याच्या आत्याने वाकून माझ्या बंदाशी नाव सांगितलं, "उदयसिंग." मग नानीबाईच्या कपाळी पुन्हा कुंकू लागलं.

गेल्या वर्षी उदयसिंग म्हातारपणाने गेला. घरात रडारड सुरू झाली, तेव्हा नानीबाईने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्याच्या मानेवर बोटं ठेवली. खूप वेळ ठेवली. मगच ती रडली.

आता मी खुंटीला आहे. कोणी म्हणतं, फेका ते फडकं. मित्रांनो, माझ्या तळाशी पट्टीची एक गुंडाळी अजून आहे. हात घालून पाहिल्याशिवाय कोणालाच गेलं म्हणू नका.