चहा सांडलेला सात

गणितात अडणाऱ्या मुलांची नजर, लक्ष आणि स्मरणशक्ती तयार करून देणारं ते दोन खोल्यांचं केंद्र. तिथे ताई ठिपक्यांची कार्डं दाखवायची. कार्ड एक सेकंद समोर, की लगेच पालथं. मोजायला वेळ नाही. बघताक्षणी किती ते सांगायचं. मुंगी नऊ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून घरचं नाव मुंगी. आठ आठवड्यांत तिने साठपैकी साठ गाठले होते आणि ताईचे पाय जमिनीवर नव्हते.

आज अहवाल शाळेत जायचा होता. प्रगती दिसली नाही तर मुंगी चौथीतून तिसरीत उतरणार होती. तिसरीत तिची धाकटी बहीण होती, आणि ती वर्गाची मॉनिटर होती.

"ती मला बाकावर उभं करेल," मुंगी म्हणाली. "घरी आत्तापासून सराव करतेय."

शेवटच्या फेरीसाठी ताईने नव्या कार्डांचं पाकीट फोडलं.

मुंगीने पहिलं कार्ड निरखलं. "हा कोण?"

"कोण नाही गं, किती."

"पण आमची ओळख नाही."

दहापैकी दोन बरोबर आली. ताईचे पाय जमिनीला टेकले. रागवावं की कसं, हे ठरायच्या आत तिला कुतूहलाने गाठलं. तिने जुना गठ्ठा पुढे सरकवला. "यातला सात कसा ओळखायचीस?"

"चहा सांडलाय तो. सहाचा कान मुडपलाय. नऊला तेलकट बोट लागलंय. तुमचंच."

ताईने गठ्ठा पालथा मांडला. मुंगीने पाठीवरच्या डागांवरून साठच्या साठ ओळखली.

"स्मरणशक्ती ठणठणीत आहे," ताई हळूच म्हणाली.

दाराशी मुंगीचे बाबा बसले होते. ते कुलपं दुरुस्त करत, त्यामुळे उपाय कायम तयार. "मग नव्यांवरही चहा सांडू. मी आणतो."

"नको." ताईने मुंगीच्या हाती पेन्सिल दिली. "खूण तूच कर. पण ठिपक्यांवर. हा सातच का, ते खुणेवरून कळलं पाहिजे."

मुंगी इतका वेळ हलली नाही, की बाबा तिला ताप आहे का बघायला उठले. मग तिने पाच ठिपक्यांभोवती गोल काढला. "हे पाच जण टेबलाशी जेवतायत. हे दोघं भांडून बाहेर उभे."

"आणि नऊ?"

"पाच आत, चार बाहेर. हे भांडलेले नाहीत, खुर्च्या संपल्या."

ताईने वेगळ्याच मांडणीचं, खूण न केलेलं कार्ड सेकंदभर दाखवलं.

"बाहेर तिघं. आठ."

पुढच्या दहांत आठ बरोबर आली.

ताईने अहवालात लिहिलं: 'आधीच्या आठ आठवड्यांचे गुण रद्द, चूक माझ्या कार्डांची. प्रगती आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. मुलीला चौथीतच ठेवावे.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. "शाळा मानेल?"

"फोन करतील. मग जुनी कार्डं घेऊन मीच जाईन."

मुंगीचं लक्ष तिकडे नव्हतं. "ताई, शंभर माणसं आली आणि कोणीच भांडलं नाही, तर टेबलं किती लागतील?"

ताईने तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि स्वतःची खुर्ची जवळ ओढली.